हातोहात गेलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि आधीच सांगून टाकते, मी वाजत नाही. गाल फुगवून, डोळे बाहेर येईपर्यंत फुंकलेत तरी माझ्यातून नुसती हवा निघेल. एके काळी मात्र माझा आवाज ऐकून धावती मुले जागच्या जागी थांबत. मला त्याचा तोरा होता. एका फुंकरीत सगळ्यांना गप्प करता येत असेल, तर तोरा कोणाला येणार नाही?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पातळ पत्रा, साच्याचा एक दणका, थोडासा डाख आणि पोटात बुचाची एक गोळी, एवढाच माझा संसार. शेवटी एक गुबगुबीत गालांची बाई आम्हाला एकेक करून वाजवून बघत असे. जी नीट वाजे ती पुढे जाई, जी कुईकुई करी ती पुन्हा भट्टीत. मी पहिल्याच फुंकरीला अशी कडाडले की बाई कान चोळत म्हणाली, "अगं बाई, हिच्या सासरच्यांचं काही खरं नाही!" त्या साच्यातून निघालेल्या आम्हा सगळ्या बहिणींचा आवाज तंतोतंत सारखा होता. आमची काही खोकी खेळाच्या सामानाच्या दुकानांत गेली, बाकीची पोलीस खात्यात. मी खेळाकडे आले याचा मला आनंदच झाला आणि त्या बहिणींना मी विसरून गेले.

दुकानातून मला सरांनी घेतले. सर म्हणजे नदीपलीकडच्या वस्तीतल्या शाळेचे खेळाचे शिक्षक. उंच, काटकुळे, एका गुडघ्याने अधू. हसू आले की त्यांचे खांदे आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. सुट्टीच्या दिवशी ते शहरातल्या मोठ्या मैदानावर फुटबॉलचे पंच म्हणून जात. तिथला प्रकार सुरुवातीला माझ्या डोक्यात शिरेना. बड्या घरची मुले आणि पोलिसांच्या संघातले शिपाई माझ्या एका आवाजावर माना खाली घालत. सरांनी बोट दाखवले की मुकाट्याने मैदानाबाहेर जात. पण खेळ संपला की सर मागच्या फाटकाने निघत, कारण पुढचे फाटक वस्तीतल्या माणसांसाठी नव्हते. अंधार पडायच्या आत त्यांना पूल ओलांडून परतावे लागे. पुलाच्या तोंडाशी नाके होते आणि तिथे परवाना दाखवावा लागे. नाक्यावरच्या शिपायाला कधी तरी सरांनीच दुपारी खेळात ताकीद दिलेली असे. मग तो परवाना मुद्दाम उलटा धरून बराच वेळ वाचत बसे.

सरांची बायको शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. सारी वस्ती तिला वहिनी म्हणे. वहिनी दिवसभर इस्पितळाच्या चादरी उकळत, पिळत आणि त्यांच्या कडक घड्या घालत. त्या चादरींवर झोपण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती. वस्तीतल्या आजारी माणसाला इस्पितळाच्या दारातूनच परत पाठवत.

मित्रांनो, सर काही जन्मापासून थंड डोक्याचे नव्हते. माझ्या ओठावर दातांच्या खुणा आहेत, त्या त्यांच्या आहेत. पुलावरचे नाके उठवा म्हणून पूर्वी एकदा वस्तीतली माणसे निघाली होती. त्या गर्दीतून एक दगड आला. कोणी मारला, ते आजही कोणाला ठाऊक नाही. दगड एका शिपायाच्या टोपीवर आपटला आणि बंदुका सुटल्या. सरांचे थोरले भाऊ त्यात गेले. त्यानंतर सर कित्येक दिवस शाळेच्या मैदानाच्या कडेला मला दातांत घट्ट धरून उभे राहत. वाजवत नसत, नुसते चावत. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसायचे त्याची मला भीती वाटे.

एक दिवस त्यांनी मला तोंडातून काढून शर्टाला पुसले आणि वहिनींना म्हणाले, "त्यांना आपल्याकडून एक दगड हवा असतो गं. आपण तो द्यायचाच नाही."

"तुम्ही नाही देणार हो," वहिनी म्हणाल्या. "बाकीच्यांच्या हातांचं काय?"

"हातांना शिकवावं लागेल," सर म्हणाले. खेळाचा शिक्षक दुसरे काय म्हणणार?

आणि शाळेच्या हॉलमध्ये सराव सुरू झाला. असला सराव तुम्ही पाहिला नसेल. अर्धी माणसे चटयांवर बसत. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला आणि दोन्ही हातांची बोटे मानेमागे घट्ट गुंफलेली, म्हणजे डोके झाकले जाई. उरलेली अर्धी माणसे शहरवाले होत. सर मला एकदा वाजवत, की शहरवाल्यांनी तुटून पडायचे. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांनी बडवायचे, डोक्यावर पाणी ओतायचे, आईबापांचा उद्धार करायचा. बसलेल्यांनी जागचे हलायचे नाही, बोलायचे नाही, हात सोडायचे नाहीत. मग सर मला दुसऱ्यांदा वाजवत. त्याबरोबर सगळे थांबत. बसलेले हात सोडून उठत, मारणारे त्यांना मिठी मारत आणि विचारत, "लागलं का?" वस्तीतला एक शिंपी इतका मवाळ की गिऱ्हाइकाचे माप घेतानाही त्याची परवानगी मागायचा. सरावात त्याच्या तोंडून असल्या काही शिव्या बाहेर पडल्या की हॉल गार पडला. बिचारा नंतर घरोघरी जाऊन माफी मागत होता.

हा दुसरा आवाज म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान, असे मला वाटे. माझा आवाज आला की मार संपला. लोक त्याची वाट बघत. हळूहळू त्यांच्या अंगात ते इतके मुरले की मी वाजले की डोक्याने विचार करायच्या आत त्यांचे हात सुटत.

एकाच माणसाला हा सराव जमेना. तो वहिनींचा धाकटा भाऊ. लॉऱ्यांच्या गॅरेजात मेकॅनिक होता आणि त्याची पकड अशी की सगळे त्याला पानाच म्हणत, नट आवळायचा पाना. वर्तमानपत्राची गुंडाळी पाठीवर पडली की पाना ती हिसकावून घेई आणि मारणाऱ्यालाच धू धू धुई. सर खिशातून पिवळे कार्ड काढत. सगळे हसत, पाना हसत नसे.

त्याच्या रागाला कारण होते. त्याची बायको बाळंतपणासाठी अडली, तेव्हा तो तिला लॉरीत घालून पुलावर घेऊन आला होता. नाक्यावर अडवले. परवाना फक्त दिवसाचा आहे, म्हणाले. त्याने पाय धरले. नाक्यावरचा शिपाई चहा पीत राहिला. बायको वाचली, मूल वाचले नाही.

"भावजी, मी माणूस आहे, चटई नाही," पाना एकदा सरांना म्हणाला. "तुमचा हा मार खायचा धडा मला जमायचा नाही."

"मार खायला कोण सांगतंय तुला?" सर म्हणाले. "आपण मार बंद करायला निघालोय. तू हात उचललास की काठ्यांच्या मागच्या बंदुका पुढे येणार. माझ्या दादासारखे आणखी किती जण जातील, तूच सांग."

"मग मला नेऊ नका."

"नाहीच नेणार."

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्या मागे न बघता म्हणाल्या, "तो येणार. त्याचं बाळ गेलंय त्या पुलावर. माझ्याशेजारी बसेल तो." सर पुढे झाले आणि त्यांना एकेक ओला कपडा पिळून देऊ लागले. मी त्यांच्या खिशात होते, त्यांच्या काळजाचे ठोके मला ऐकू येत होते.

आणि तो दिवस आला. भर दुपारी माणसे वस्तीतून निघाली. ठरले होते ते असे: पूल ओलांडायचा, इस्पितळाच्या मुख्य दारापर्यंत चालत जायचे आणि आत घ्या म्हणून शांतपणे बसायचे. हातात काही नाही. सरांनी सगळ्यांचे खिसे आधीच रिकामे करून घेतले होते. शिंप्याची कात्री आणि पान्याचा पाना हॉलमध्ये ठेवून घेतला होता. सर सगळ्यात पुढे. शेवटच्या ओळीच्या टोकाला पाना आणि त्याच्या पलीकडे, अगदी कडेला, वहिनी.

पुलाच्या मध्यावर आम्हाला अडवले. समोर काठ्या घेतलेले शिपाई आणि त्यांच्या मागे बंदुका घेतलेले. सरांनी हात वर केला, तसे सगळे जण रस्त्यातच चौघाचौघांच्या ओळी करून बसले. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, बोटे मानेमागे. एक अधिकारी भोंग्यावरून ओरडू लागला, परत जा, परत जा. पुलाच्या दोन्ही कडांच्या पदपथांवरून शिपाई चालत चालत थेट मागच्या ओळीपर्यंत पसरले. खाली नदी होती. पळायला वाव नव्हता.

सर बसले होते तसे बसले होते. त्यांनाही भीती वाटत होती, मित्रांनो. हे कोणी पुस्तकात लिहीत नाही, पण त्या दिवशी त्यांच्या शर्टाचा खिसा घामाने भिजला होता आणि मी त्यात होते.

तेवढ्यात पुलाच्या शहराकडच्या तोंडाशी पोलिसांची एक लॉरी मागे घेत होते. तिला थांबवण्यासाठी एका शिपायाने शिट्टी वाजवली.

तो आवाज माझा होता. माझ्याच साच्यातला, माझ्या एका बहिणीचा.

आणि पुलावरच्या सगळ्या माणसांचे हात सुटले. ओळीच्या ओळी ताठ झाल्या, माना वर आल्या. काही जण अर्धवट उठले. शिंपी शेजारच्या म्हातारबांकडे वळून सवयीने म्हणाला, "लागलं का हो?" मग सगळ्यांच्या लक्षात आले, कोणी तरी फिसकन हसले आणि हात पुन्हा मानेमागे गेले.

सरांचे खांदे हलले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय करून बसलो ते त्यांना एका क्षणात उमगले. शिट्टी वाजली की संपले, हे त्यांनीच या माणसांच्या हाडांत भिनवले होते. आता शिपायांना माणसांवर सोडायची खूण म्हणून तीच शिट्टी वाजणार आणि माणसे आपण होऊन डोकी उघडी करणार. विश्वासाने उघडलेल्या डोक्यावर काठी बसली की कोणाचा तरी हात उठणारच. आणि एक हात उठला की बंदुका.

समोर पाहिले तर भोंगेवाला अधिकारी ओरडायचा थांबला होता. त्यानेही ते पाहिले होते. तो शेजारच्या हवालदाराच्या कानात काही तरी बोलला आणि दोघे हसले. हवालदाराने गळ्यातली शिट्टी हातात घेतली. अधिकाऱ्याने पुन्हा भोंगा तोंडाला लावला. शेवटची सूचना, शेवटची सूचना.

सर ओरडले असते तर भोंग्यापुढे ते कोणाला ऐकू गेले नसते. उठले असते तर चिथावणी दिली म्हणून तिथेच उचलले असते. कानोकान निरोप धाडावा, तर तो शेवटच्या माणसापर्यंत भलताच होऊन पोचतो, हे वर्गातल्या खेळामुळे त्यांना पक्के ठाऊक होते. सरांनी खिशात हात घातला, मला बाहेर काढले आणि शेजारच्या बाईच्या तळहातावर ठेवले.

"ही आपली," ते म्हणाले. "आता वाजेल ती त्यांची. हात सोडायचे नाहीत. पुढे दे."

माझा तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. एका हातातून दुसऱ्या हातात, एका ओळीतून मागच्या ओळीत. ही आपली, आता वाजेल ती त्यांची, हात सोडायचे नाहीत. मला पाहिले की निरोपाबद्दल कोणाला शंका उरत नसे. जिचा आवाज ते इतके दिवस पाळत आले होते ती गप्प बसून त्यांच्या हातात होती. सुईची टोचणी लागून खडबडीत झालेली बोटे, खडूची बोटे, पिठाची बोटे. एकाचा हात बर्फासारखा गार, एकीचा इतका घामट की मी निसटून खाली पडले आणि पुलाच्या फटीतून नदीत जाणार एवढ्यात कोणी तरी माझ्यावर पाय ठेवला. पुढे ते म्हातारबा. त्यांना कमी ऐकू येई. त्यांना वाटले, मला वाजवायला सांगताहेत! त्यांनी मला तोंडाला लावले, छाती भरून श्वास घेतला आणि मागच्या ओळीतल्या पाववालीने त्यांच्या तोंडावर पंजा दाबला. "बाबा, गिळा तो श्वास!" म्हाताऱ्यांनी गिळला.

भोंगा थांबला. पुलावर शांतता पसरली. मागे दोनच ओळी उरल्या होत्या. मग एक. मग मी पान्याच्या तळहातावर आले. त्याला निरोप सांगून झाला. त्याने मान हलवली आणि मला बहिणीकडे द्यायला हात पुढे केला.

आणि शिट्टी वाजली.

पुढच्या साऱ्या ओळींत एकही हात सुटला नाही. माणसे उलट आणखी आवळून बसली. फक्त वहिनींना निरोप मिळाला नव्हता. त्यांनी हात सोडले, मान वर केली आणि सरावात करत तशा त्या भावाला मिठी मारायला वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू होते. पदपथावरच्या शिपायाची काठी त्यांच्या कानावर बसली.

मी पान्याच्या हातात होते. त्याची मूठ माझ्याभोवती आवळली. मित्रांनो, नट आवळणारी ती मूठ होती. ती वर चालली. शिपाई हाताच्या अंतरावर होता, पोरसवदा, दुसरी काठी उगारताना पोट उघडे पडलेला. पान्याचा एकच ठोसा पुरला असता. माझ्या पोटातली बुचाची गोळीसुद्धा जागची हलली नाही.

मूठ खांद्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. मग पाना बहिणीवर पडला. तिला अख्खी पोटाखाली घेतली आणि मूठ तिच्या डोक्यावर ठेवली. काठ्या त्याच्या पाठीवर पडत होत्या, मग मुठीवर पडू लागल्या. प्रत्येक काठीला मूठ आणखी घट्ट होई. एका तडाख्याला त्याची दोन बोटे मोडली, तोच तडाखा माझ्या कुशीत उतरला, तिथे पोचा पडला आणि माझी गोळी चेमटली. मूठ उघडली नाही आणि उठलीही नाही. तो काहीतरी पुटपुटत होता. मी इतकी जवळ होते म्हणून मला ऐकू आले. "ही आपली, ताई. ही आपली. ही आपली."

बंदुका घेतलेले शिपाई वाट बघत उभे होते. त्यांना दगड मिळाला नाही. एकही बंदूक सुटली नाही.

जखमींना शाळेच्या हॉलमध्ये, सरावाच्याच चटयांवर झोपवले. सरांना बेड्या घालून नेले. पुष्कळ महिन्यांनी वहिनींना तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. पान्याने मला त्यांच्या पिशवीत घातले होते. जाळीपलीकडे सर आले. त्यांनी जाळीला बोटे लावली.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "ती सवय मी लावली."

वहिनींनी मान वळवली. "या बाजूनं बोला. तो कान गेलाय." सरांचा चेहरा इतका उतरला की वहिनींनीच पुढे म्हटले, "बरंच झालं की. तुमची भाषणं आता अर्धीच ऐकावी लागतील." सरांचे खांदे हलू लागले. या वेळी ते हसत होते की रडत होते, ते मला कळले नाही.

पुढची हकिगत लांब आहे. सर सुटले, पुन्हा आत गेले, पुन्हा सुटले. सराव चालूच राहिला, पण शिट्टीवाचून. आता मारणाऱ्याने खांद्यावर हात ठेवला की सराव संपे, कारण शिपाई मारताना खांद्यावर हात ठेवत नाही. मोजक्या ओळींच्या जागी तीनशे ओळी झाल्या. एके दिवशी नाके उठले. इस्पितळाचे मुख्य दार उघडले. पान्याची मुलगी तिथेच जन्मली, वहिनींनी धुतलेल्या चादरीवर. पाना वाकड्या बोटांनी तिला धरायला घाबरत होता.

पाना माझा पोचा चुटकीसरशी काढून देणार होता. सरांनी मला एकदा फुंकून पाहिले, नुसती हवा आली. "राहू दे," ते म्हणाले. त्यानंतर ते मला गळ्यात घालीत, पण वाजवीत नसत. त्याच इस्पितळात, म्हातारपणी, ते शांतपणे गेले. शेवटपर्यंत ते वहिनींच्या चांगल्या कानाच्या बाजूलाच बसत. ते गेले त्या दिवशी वहिनींनी त्यांच्या पलंगावरच्या चादरीची घडी पाहिली, "हल्लीच्या पोरींना कोपरेसुद्धा मोडता येत नाहीत," म्हणाल्या आणि ती चादर स्वतः नीट केली. मग त्या रडल्या.

आता मी त्या जुन्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत असते. शेजारी पाटी आहे: "या शिट्टीच्या इशाऱ्यावर हजारो लोक चालले." मला भेटायला तुमच्यासारखी मुले येतात, पाटी वाचतात आणि पुढे जातात. पाटी खोटी आहे, मित्रांनो. माझ्या इशाऱ्यावर त्या दिवशी सगळ्यांची डोकी फुटली असती. माझा सगळ्यात मोठा दिवस तो, ज्या दिवशी मी गप्प राहिले.

म्हणून एक मागणे आहे. मला घासूनपुसून चकचकीत ठेवू नका आणि माझा पोचा काढू नका. इथली देखरेख करणाऱ्या बाईंना विचारून पेटी उघडा आणि मला एकमेकांच्या हातात द्या. आधी शेजाऱ्याला, मग त्याच्या शेजाऱ्याला. माझ्या कुशीतल्या पोच्यात अंगठा ठेवून बघा, बरोबर बसतो. आणि एक करा, शेवटच्या मुलापर्यंत मला नक्की पोचवा. मागच्या वेळी एक हात राहून गेला होता.